सुईले कुठं जीभ असते?

डॉक्टरकी शिकून झाल्यावर वर्षभराहून जास्त काळ मी नागपूरला बकऱ्यांचे मेंदू खलात घोटत होते. ऐकायला बरं वाटत नाही, पण नोकरीच तशी होती. आमच्या सरांना बायोकेमिस्ट्री विभागात एक प्रश्न पडला होता. मेंदू म्हातारा होतो म्हणजे आत नेमकं काय होतं? त्यासाठी तरुण आणि म्हाताऱ्या बकऱ्यांचे मेंदू ताडून बघायचे होते. तरुण बकऱ्याचा मेंदू रोज मिळायचा. म्हाताऱ्याचा मागितला की खाटीक पोट धरून हसायचा. "बाईसाहेब, बकरे को बुढ़ा होने कौन देता है?"

सर शोधत होते ती गोष्ट साध्या शब्दांत सांगते. शरीरात प्रथिनं तयार होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तयार झालेलं प्रथिन लगेच कामाला लागतं असं नाही. शिंप्यानं सदरा शिवला तरी काज-बटण होईपर्यंत तो घालता येत नाही, तसंच हे. कुठल्या प्रथिनावर फॉस्फेटचा तुकडा बसवावा लागतो, कुठल्यावर मिथाइल नावाचा त्याहून चिमुकला तुकडा. काम झालं की कधी तो उतरवावाही लागतो. ही चढ-उतर करणारे कारागीर म्हणजे एन्झाइम, पुस्तकी मराठीत विकरं. सरांचं म्हणणं असं, की म्हाताऱ्या मेंदूत माल असतो, कारागीरही असतात, पण काज-बटणाचं काम बिघडतं. कधी कारागीर मंदावतात, कधी त्यांच्या हाती दोराच पोचत नाही.

माझं लग्न झालं. यांना कारंज्याच्या कॉलेजात शिकवायची नोकरी होती. त्या वेळी आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा व्हायला पुष्कळ अवकाश होता. सत्तरच्या दशकात कारंज्याला बाईमाणसाचा दवाखाना म्हणजे बाळंतपणं, पोरांची हगवण आणि उन्हाळ्यात विंचू. सरांनी निघताना दिलेला जुना पितळी मायक्रोस्कोप मी खिडकीजवळ ठेवला होता, कारण त्याला आरशातून ऊन लागायचं. एन्झाइम माझ्या आयुष्यातून गेले असं मी धरून चालले होते.

एका आषाढात, दुपारी दवाखाना रिकामा असताना, एक तिशीतली बाई आली. अंगावर चांगलं लुगडं होतं आणि डोळे रडून सुजले होते. आत येऊन तिनं दार लोटून घेतलं. मला वाटलं, दिवस राहिले असतील किंवा राहत नसतील.

"डॉक्टरीणबाई, मी सुशीला. अडतीवाल्या मोतीलालजींची बायको." मग जरा थांबून म्हणाली, "मी काही मिसळत नाही हो जेवणात. आदिनाथाची शपथ."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाई चंदाबाई घरच्या कर्त्या बाई होत्या. नवरा गेल्यावर अडतीचं दुकान मुलगा मोठा होईपर्यंत त्यांनीच सांभाळलं होतं. कापसाच्या बोंडाला हात लावून धागा किती लांब निघेल ते सांगायच्या. पण वर्षभरात त्या पार बदलल्या होत्या. एकच गोष्ट दहादा विचारत. मंदिरातून घरी येताना वाट चुकत. चार महिन्यांपासून ताटावर बसल्या की घास थुंकून ओरडत, "हे जहर हाये! सून मले जहर देऊन राह्यली!"

शेजारीपाजारी ऐकत होते. अकोल्याला दिलेली नणंद ताराबाई येऊन ठाण मांडून बसली होती. तिनं भावाला साफ सांगितलं होतं, भाद्रपदातलं जैनांचं दशलक्षण पर्व झालं की सुशीलेला रिसोडला माहेरी पोचवून द्यायचं, आणि ते कायमचंच.

"आणि मोतीलालजी?" मी विचारलं.

"ते मायले काही म्हणत नाहीत, बहिणीले काही म्हणत नाहीत. मले म्हणतात, तू रडू नको." तिनं पदरानं डोळे पुसले. "बाई, तुमी एकदा पाहा ना तिले. मोठे डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय झालं म्हणून माहा संसार मोडायचा काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. चंदाबाई ओसरीवर बसल्या होत्या. उंच, ताठ बांध्याच्या, पण चेहरा फिकट आणि त्यावर लिंबाच्या सालीसारखी पिवळसर झाक. ताराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सुनेनं वकीलच आणला आहे.

"कायले आल्या डॉक्टरीणबाई? तिले दुखणं नाही. तिले घरातलंच दुखणं हाये."

"जीभ तर बघू द्या," मी म्हटलं.

चंदाबाईंनी जीभ काढली आणि मी खालीच बसले. लालभडक आणि गुळगुळीत, काचेवर पाणी मारावं तशी. जिभेवर जे बारीक काटे असतात ते साफ नाहीसे झाले होते. अशा जिभेवर वरणातलं मीठसुद्धा निखाऱ्यासारखं लागतं. मला एकदम उमगलं, की ही बाई खोटं बोलत नाही आणि सूनही खोटं बोलत नाही. प्रत्येक घासाला तोंड जळतं आणि डोकं धड चालत नाही. मग अन्नात काहीतरी मिसळलंय, याशिवाय तिनं दुसरं काय समजावं?

मी त्यांना उभं केलं, पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच त्या वाऱ्यानं ढकलल्यासारख्या एका बाजूला गेल्या. मोतीलालजींनी धावून धरलं. ठोकल्यावर थरथरत राहणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याला लावला, तर त्यांना थरथर कळेना.

"चालताना कसं वाटतं, आजी?"

"खाली वाळू हाये ना," त्या म्हणाल्या. फरशीवर बसून सांगत होत्या.

"खाण्यात काय काय सोडलंय त्यांनी?" मी सुशीलेला विचारलं.

"रसत्याग केला ना बाई. मामंजी गेल्यावर दूध, दही, ताक, तूप सारं सोडलं, जन्मभरासाठी. किती वर्षं झाली."

बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, घरी येऊन रंगवला आणि खिडकीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. तांबड्या पेशी हव्यात त्याहून मोठ्या आणि अंडाकार. पांढऱ्या पेशींच्या पोटातला गाभा एरवी तीन-चार पाकळ्यांचा असतो, इथं जास्वंदीसारखा फुटलेला. स्वयंपाकघरातून यांना ओढून आणलं आणि दाखवलं. यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण माझा चेहरा बघून तेही हसायला लागले.

बी-बारा जीवनसत्त्व. ते झाडपाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि चंदाबाईंनी तेवढीच वाट बंद केली होती. सरांच्या भाषेत सांगायचं तर मिथाइलचा तो चिमुकला तुकडा कारागिरांपर्यंत पोचवायला हे जीवनसत्त्व लागतं. मज्जातंतूंवर विजेच्या तारेच्या वेष्टनासारखं आवरण असतं, त्यातल्या एका प्रथिनालाही हा तुकडा लागतो. तो पोचला नाही की आवरण विरतं, असा सरांचा कयास होता. तेव्हा तो कयासच होता. आजही सगळा उलगडा झाला आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पण खात्री हवी होती. पोस्टात जाऊन नागपूरला सरांना ट्रंक कॉल लावला. लाइनवर इतकी खरखर होती, की दोघंही ओरडत होतो.

"टॉनिकची बाटली देऊ का, सर? त्यात फॉलिक ॲसिड आहे!"

"अजिबात नको! नुसत्या फॉलिकनं रक्त सुधारेल, मज्जातंतू आणखी जातील! आधी बारा दे! सुईतून!"

"बारा ना? बारा?"

"बारा! बारा! भरपूर बारा!"

टॉनिकची ती बाटली माझ्या पिशवीत होती. फोन लागला नसता तर संध्याकाळी मी ती देऊन आले असते, या विचारानं पोस्टातच माझ्या हातापायांना घाम फुटला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या मंडळींना मात्र वेगळाच घाम फुटला होता. डॉक्टरीणबाईंनी नागपूरहून आकडा आणला अशी बातमी बाजारभर झाली आणि त्या दिवशी कारंज्यातल्या निम्म्या मटकेवाल्यांनी बारावर पैसे लावले म्हणे. आकडा लागला की नाही ते मी आजवर विचारलेलं नाही.

खरी अडचण पुढे होती. कारंज्यातल्या दुकानात होता तो लिव्हर एक्स्ट्रॅक्ट, जनावराच्या यकृताचा अर्क. तो त्या घरात नेण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरं औषध लाल रंगाच्या छोट्या कुप्यांमधून येई. ते कारखान्यात सूक्ष्म जंतू वाढवून काढतात. ते मी अकोल्याहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवलं. पण सांगितल्याशिवाय टोचायचं नाही, हेही ठरवलं होतं.

मोतीलालजींनी ऐकलं आणि डोकं धरून बसले. "बाई, दुधातलंच सत्त्व ना हे? व्रत तिचं हाये. मी कसा मोडू? अन् जंतू म्हणजेही जीवच ना."

"दह्यातही असतातच," सुशीला हळूच म्हणाली.

"तू बोलू नको मधात," ताराबाई म्हणाल्या. "आता सुईतून जहर देणार काय?"

मी उठले आणि चंदाबाईंसमोर जाऊन बसले. सकाळच्या वेळी त्यांचं डोकं जरा निवळ असायचं. मी सावकाश सांगितलं. जीभ का जळते, पायाखाली वाळू का वाटते, औषध कशापासून करतात, सगळं. काही लपवलं नाही. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"मी सोडलं ते जिभेचं सोडलं. चवीचं. सुईले कुठं जीभ असते?"

मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली, पण घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन परत विचारलं. मी कोण हे त्यांना आठवत नव्हतं. पण उत्तर तेच आलं, शब्दाला शब्द. माणूस हरवत असताना शेवटपर्यंत काय टिकून राहतं, ते मी त्या दिवशी बघितलं. मोतीलालजींचे डोळे भरले. "द्या बाई," ते म्हणाले.

ताराबाईंनी मला दारापर्यंत पोचवलं. "पर्व होईतोवर पाहतो मी. फरक पडला नाही तं सून जाईन रिसोडले."

मग रोज सुई, पुढे दिवसाआड. आठवड्यानं पुन्हा काचपट्टी केली. रक्तात नव्या कोवळ्या पेशींची नुसती झुंबड उडाली होती. मी ती काचपट्टी कुणाला दाखवणार? शेवटी सुशीलेलाच बोलावून डोळा लावायला सांगितलं. "हे निळे ठिपकेवाले दिसतात ना, ते नवे आलेले," मी म्हटलं. ती बराच वेळ बघत राहिली. "आपल्या बाजूचे काय हो हे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आपल्या बाजूचे."

पण रक्त भरणं सोपं. मेंदूचं काही सांगता येत नव्हतं. जीभ भरून आली, जेवण पोटात जाऊ लागलं, जहर हा शब्द कमी झाला. तरी वाट चुकणं होतंच आणि सुनेला त्या अजून "ती बाई" म्हणत. दशलक्षणाचे दिवस जवळ येत होते. सुशीलेनं माहेरी न्यायची पेटी आवरायला घेतल्याचं मला कळलं. मी रोज दवाखान्यात जाताना त्या ओसरीकडे बघत जाई आणि वरवर हसत असे. आत मात्र वाटत असे, आवरण कायमचं विरलं असेल तर? उशीर झाला असेल तर?

एका सकाळी सुई घेऊन गेले. चंदाबाई दारातच उभ्या होत्या, भिंत न धरता.

"वाळू गेली वं खालची," त्या मला म्हणाल्या. मग आत वळून हाक मारली, "सुशे! माह्या चपला कुठं ठेवल्या? डॉक्टरीणबाईले पानी दे."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी सासूच्या तोंडून आपलं नाव ऐकलेली ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पाणी आणायचं ती विसरूनच गेली.

त्यानंतर रोज काहीतरी परत येऊ लागलं. एक दिवस मंदिराची वाट. एक दिवस नातवंडांची नावं, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. मग एक दिवस त्या दुकानात जाऊन बसल्या, मोतीलालजींनी घेतलेल्या गाठोडीतला कापूस बोटांत ओढून बघितला आणि म्हणाल्या, "हा वला हाये. तुले फसवलं." खरोखरच फसवलं होतं. इतका आनंदानं फसलेला व्यापारी मी पाहिला नाही.

दशलक्षण संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैन माणूस वर्षभरातल्या चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागतो, लहान-मोठा बघत नाही. मोतीलालजींनी मलाही बोलावलं होतं. ओसरी नातेवाइकांनी भरली होती. हेच लोक सुशीलेला पोचवायला जमायचे होते.

चंदाबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, त्या वडीलधाऱ्या मंडळींकडे जातील. त्या सरळ दाराआड उभ्या असलेल्या सुनेपुढे गेल्या आणि हात जोडले.

"मी तुले जहर देणारी म्हटलं. चारचौघांत म्हटलं, म्हणून चारचौघांतच मागतो. मले क्षमा कर, सुशीला."

सुशीला गडबडून पायाशी वाकली. "नका हो मामीजी, तुमी आजारी होत्या."

"आजारी होती म्हणून तोंडून निघालं. पण निघालं तं ना?" त्यांनी सुनेला उभं केलं, मग मागे वळल्या. "तारे, तूही ये. तू तं आजारी नव्हती."

ओसरीवर हसू फुटलं. ताराबाई लाल झाल्या, पण आल्या आणि हात जोडले. मला आयुष्यात दोन-चार मानपत्रं मिळाली आहेत. त्या दिवशी भिंतीला टेकून मी जे पाहिलं, त्याची सर एकालाही नाही.

पुढचे काही महिने लाल सुईनं मला सळो की पळो केलं. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्याचं तरणं करतात म्हणून मानोऱ्याकडून, शेलूकडून बैलगाड्या येऊ लागल्या. एक सत्तरीचे गृहस्थ दुसरं लग्न करायचं म्हणून सुई मागायला आले. त्यांना मी घरी पाठवलं. ज्यांना खरोखर हवी होती अशाही काही बायका त्या गर्दीत सापडल्या. बहुतेक उपासतापासाच्या, सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या.

सगळेच परत आले नाहीत. पोहरादेवीच्या बाजूच्या एका तांड्यावरून एक बंजारा बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तांड्यात कुणाचं गोत्र काय, कुणाची सोयरीक कुठं होते, हे सगळं त्या माणसाच्या तोंडी होतं. आता तो बायकोला "तू कोन गावची?" विचारत होता. मांस-मच्छी खाणारा गडी, जीभ निरोगी, रक्त झकास. मी शोधता येईल ते सगळं शोधलं.

"सुई नाई?" तिनं विचारलं.

"या दुखण्याले सुई नाही, बाई."

विस्मरणाच्या त्या दुखण्यात मेंदूतल्या एका प्रथिनावर फॉस्फेटचे तुकडे प्रमाणाबाहेर चढतात आणि त्याचे गुंते होतात, हे पुढे संशोधकांनी दाखवलं. म्हणजे तिथंही काज-बटणवाले कारागीरच होते, पण हात आवरत नसलेले. त्यांना थांबवायचं कसं हे अजून नीट कुणाला जमलेलं नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की त्याच्यावर ओरडू नको, आणि हातांना येतं ते काम त्याला देत जा. पोहरादेवीच्या यात्रेच्या वेळी ती परत आली आणि त्यानं वळलेला दोर माझ्या टेबलावर ठेवून गेली. पीळ एकसारखा होता. तिला याहून जास्त काही देता आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण हरलेल्या लढाईनं एक गोष्ट पक्की शिकवली. म्हातारपण आणि दुखणं ही दोन निराळी आहेत, आणि कुठलं कुठलं आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. मी मग "वय झालं" हे दोन शब्द माझ्या दवाखान्यात कुणाला उच्चारू दिले नाहीत.

चंदाबाई दर महिन्याला सुईसाठी चालत येत. बरीच वर्षं आल्या. त्या असतानाच एकदा हिवाळ्यात अकोल्याची एसटी आली आणि माझ्या दारात दोन बायका एका तिसरीला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या चढवू लागल्या. एका बाजूला सुशीला होती. दुसऱ्या बाजूला ताराबाई. मधे ताराबाईंची सासू, शाल गुंडाळलेली, सुजल्या चेहऱ्याची, अर्ध्या झोपेत.

"काय झालं?" मी विचारलं.

सुशीला सांगू लागली, "घरचे म्हणतात की..."

"थांब वं," ताराबाई म्हणाल्या. "घरचे काय म्हणतात ते राहू दे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पह्यले तुमी पाहा, बाई. मंग मी बोलतो."

मी सासूबाईंचा हात हातात घेतला. हात थंडगार होता, कातडी खरखरीत, नाडी संथ. नाव विचारलं, तर फार वेळानं घोगऱ्या आवाजात उत्तर आलं. गळ्याशी असते ती थायरॉइडची ग्रंथी थकली होती, आणि तिच्यासाठी छोटीशी गोळी मिळते. त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

"बसा," मी म्हटलं, "ह्याही परत येतील."